संध्याकाळचं स्प्रिट्झ

गल्लीतल्या बायका तिला पार्लरवाली म्हणायच्या आणि तिच्या नवऱ्याला साखऱ्या. साखऱ्या हे नाव त्याला हॉटेलातल्या पोरांनी ठेवलं होतं. मोठ्या हॉटेलाच्या गच्चीवर जो बार होता तिथे तो मुख्य वेटर होता, आणि जिभेवर कायम खडीसाखर. गिऱ्हाईक कितीही माजोरी असो, पिऊन अंगावर येवो, हा कमरेत किंचित वाकून असं काही पुटपुटायचा की समोरचाच ओशाळायचा.

पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, भिंतीला टांगलेले ड्रायर. केस कापून घेता घेता बायका म्हणायच्या, तुमचे मिस्टर किती हळुवार बोलतात हो, आमच्याकडे नुसता फौजदारी कारभार. पार्लरवाली कात्री चालवत राहायची. "मान खाली," एवढंच म्हणायची.

साखऱ्या घरीही हळूच बोलायचा. इतका हळू, की काय म्हणाला ते कळायला त्याच्या ओठांकडे बघावं लागायचं. दुसऱ्यांदा विचारलेलं त्याला खपत नसे. त्यामुळे त्यांची एकुलती एक मुलगी लिहायवाचायला शिकायच्या आधी बापाचे ओठ वाचायला शिकली होती.

सुट्टीच्या दिवशी ऊन उतरलं की तो मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि त्याला स्प्रिट्झ लागायचं. इटलीतले लोक जेवणाआधी भूक खवळावी म्हणून जे फसफसतं पेय घेतात, ते. मोठ्या पोटाच्या ग्लासात काठापर्यंत बर्फ. त्यावर ग्लास तिरका धरून फसफसणारी वाइन. मग त्याहून थोडं कमी, केशरी रंगाचं, संत्र्याच्या सालीसारखं कडू मद्य. वरून सोड्याची एक धार. लांब चमचा तळाशी घालून एकदाच, अलगद वर उचलायचा, आणि संत्र्याची चकती सोडायची. यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. नवीन लग्न झालं तेव्हा तिलाही तसंच वाटलं होतं.

ती ग्लास आणून द्यायची. तो खिडकीच्या उजेडात धरून बघायचा. कधी सोडा जास्त, कधी बर्फ विरघळलेला, कधी चमचा दोनदा फिरलेला. मग तो हात खुर्चीबाहेर काढून, हॉटेलात ओतायचा तशाच बारीक धारेने, सगळा ग्लास फरशीवर रिकामा करायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." ती गुडघ्यांवर बसून फरशी पुसायची, आत जायची, पुन्हा करून आणायची. कितीही पुसलं तरी ती जागा चिकट राहायची. दुसऱ्या दिवशी अनवाणी गेलं की तळव्याला कळायचं. त्याने कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. मारलं असतं तर दाखवायला एखादा वळ तरी राहिला असता.

एकदा हॉटेलातले त्याचे चार सोबती घरी आले होते. त्यांच्यादेखत त्याने तिला एकामागून एक ग्लास करायला लावले आणि एकेक करून ओतून टाकले. "हिच्या हातात बुडबुडे मरतात," तो म्हणाला, अगदी कौतुक केल्यासारखं. सोबती हसले. दारात उभी असलेली मुलगीही हसली. ती लहान होती. सगळे हसत होते म्हणून हसली. पार्लरवालीने नवऱ्याचं बोलणं गिळलं, सोबत्यांचं हसणंही गिळलं. मुलीचं हसणं मात्र तिच्या काळजात जे रुतलं ते कधी निघालंच नाही.

आणि त्या पेयाचा घोट तिला त्याने कधी दिला नाही. एकदा तिने विचारलं होतं. "तुझ्या जिभेला चहा पुरे," तो म्हणाला.

वर्षं अशीच गेली. मुलगी शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. साखऱ्या निवृत्त झाला, हॉटेलने त्याला हार घातला, भाषणं केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक पाडलं, श्वास तिथूनच. गिळायची वाटही धड उरली नव्हती, म्हणून पोटात नळी बसवली आणि पातळ अन्न त्या नळीतून. तोंडाने थेंबही घ्यायचा नाही, नाहीतर आतली न भरलेली जखम चिघळेल. हवा नाकातून जात नाही म्हणून वासही येणार नाही, हे नर्सने घरी सोडताना सांगितलं.

पार्लरवालीने सेवेत कसूर केली नाही. गळ्याच्या भोकाची जागा ती डोळ्यांत तेल घालून साफ करायची, नळी कोमट पाण्याने धुवायची, कूस बदलायची, नखं कापायची. बायका म्हणायच्या, किती करता हो तुम्ही. ती म्हणायची, करायलाच हवं. खोटं नव्हतं ते. त्याला ती घाणीत ठेवू शकली असती, उपाशी ठेवू शकली असती. तसलं काही तिच्या मनातही आलं नाही. मनात आलं ते वेगळंच.

एका संध्याकाळी पार्लर बंद करून ती मागच्या खोलीत आली आणि काचेच्या कपाटातून तो मोठ्या पोटाचा ग्लास काढला. बाटल्या होत्याच. तिने छोटं टेबल ओढून त्याच्या खुर्चीसमोर आणलं, त्याला सगळं दिसेल असं. बर्फ, वाइन, कडू मद्य, सोडा. चमचा एकदाच उचलला. चकती सोडली. मग ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि त्याला विचारलं, "बघा. आता बरोबर झालंय का?"

तो बघतच राहिला. ओठ कोरडे पडले होते, त्यांवरून त्याने जीभ फिरवली. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि सावकाश प्यायली. चव तिला बिलकूल आवडली नाही. कडवट, औषधासारखी. तरी तळाच्या बर्फापर्यंत तिने ते संपवलं, कारण त्याची नजर ग्लासाबरोबर वरखाली होत होती.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा केलं. मग रोजच. संध्याकाळची गिऱ्हाइकं ती लवकर आटपू लागली. कधी मुद्दाम आधी सोडा घालायची. तो खुर्चीच्या हातावर बोटं आपटायचा, मान हलवायचा. "चुकलं का?" ती विचारायची, आणि सगळा ग्लास त्याच्यादेखत मोरीत ओतून नव्याने करायला घ्यायची. वास येत नाही हे ठाऊक होतं, म्हणून ती भरलेला ग्लास त्याच्या कानाशी धरायची. बर्फाचा बारीक कडकडाट, बुडबुड्यांची सरसर. तो डोळे मिटायचा. मिटलेल्या पापण्यांतून पाणी यायचं. ते पाणी बघून तिला रात्री शांत झोप लागायची. इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती अशी.

याच दिवसांत मुलगी आठवडाभरासाठी आली. पोरांना सासूकडे ठेवून एकटीच आली होती. तिच्यासमोर हे करावं की न करावं, असा विचार पार्लरवालीने केला, आणि केलं. मुलगी दाराशी उभी राहून सगळं बघत होती. टेबल ओढणं, बर्फ, धार, कानाशी धरलेला ग्लास. ग्लास धुवायला पार्लरवाली आत गेली तेव्हा मुलगी बापाजवळ बसून त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. आवाज गेल्यापासून बायकोने कधीच ते वाचायचा प्रयत्न केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मुलगी मागून येऊन आईच्या गळ्यात पडली. रडत होती.

"आई, मला वाटलं होतं तू त्यांना कधीच माफ करणार नाहीस."

पार्लरवालीला कळेना. काय झालं म्हणून तिने विचारलं.

"बाबा म्हणाले, दिवसभर मी तेवढ्यासाठी तग धरतो. म्हणाले, पिता येत नाही म्हणून ती मला ऐकवते. इतकं वाईट वागलो तिच्याशी, आणि ती माझ्यासाठी ग्लास भरते, माझ्याऐवजी स्वतः पिते." मुलीने डोळे पुसले. "रडू येतं म्हणाले, पण ते बरं वाटून येतं."

पार्लरवालीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. तिने मुलीला परत सांगायला लावलं, शब्द न शब्द. मुलीने आनंदाने सांगितलं.

त्या संध्याकाळी ती मागच्या खोलीत गेलीच नाही. एक बाई केस रंगवायला आली होती, तिच्यापाशी थांबली. आतून खुर्चीच्या हातावर बोटं आपटल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने मुलगी आली, म्हणाली, बाबा वाट बघतायत. पार्लरवाली म्हणाली, कामात आहे. गिऱ्हाईक गेल्यावर मुलगी पुन्हा आली.

"आई, कधी करणार?"

"नाही करणार. आता बंद."

"का? बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. बापाचे ओठ वाचता यायचे तसा आईचा चेहरा तिला कधी वाचता आला नव्हता. वाचायची गरजच पडली नव्हती. आता हळूहळू तिला समजत गेलं. ती आरशासमोरच्या खुर्चीत मटकन बसली.

"म्हणजे तू त्यांना छळायला करत होतीस."

पार्लरवाली केर काढत होती. "हो," ती म्हणाली.

मुलीने मग स्वतःच ग्लास भरला. चांगला भरला, सगळं बरोबर क्रमाने, आणि बापासमोर नेला, कानाशी धरला. त्याने मान फिरवली. बोट पुढच्या खोलीकडे दाखवलं, बायको होती तिकडे. मुलीने परत धरला, त्याने हाताने बाजूला सारला. ओठ हलवून तो काय म्हणाला ते तिने आईला येऊन सांगितलं. तिला बोलाव, एवढंच म्हणाला होता.

राहिलेले दिवस मुलीने विनवण्या केल्या. एकदाच कर म्हणाली, मी आहे तोवर तरी. खोटं खोटं कर. ते मरायला टेकलेत, त्यांना आता शिक्षा करून तुला काय मिळणार. पार्लरवाली भांडली नाही, रडली नाही. निघायच्या दिवशी मुलगी बॅग उचलून दारात उभी राहिली.

"तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला मग?"

"तू हसलीस ना त्या दिवशी," पार्लरवाली म्हणाली, "त्यांच्या मित्रांबरोबर."

कुठला दिवस, ते मुलीला आठवलंच नाही. तिने विचारलंही. पार्लरवालीने सांगितलं नाही. रिक्षा दाराशी येऊन थांबली होती.

साखऱ्याने आणखी काही दिवस खुर्चीचा हात वाजवला. ऊन उतरू लागलं की सुरू व्हायचं. पार्लरवाली ड्रायर मोठा करायची. गळ्याची जागा, नळी, नखं, सगळं वेळच्या वेळी चालूच होतं. आणि तसं करताना तो तिच्याकडे बघून ओठ हलवायचा, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. ती त्याच्या गळ्याकडे बघत काम करायची, तोंडाकडे नाही. पुढे बोटांचा आवाज बंद झाला. तो खिडकीकडेही बघेनासा झाला, दिलेलं अन्न पोटात ठरेना, आणि एका सकाळी ती नळी धुऊन आली तोवर तो गेलेला होता.

हॉटेलातले लोक आले, मोठा पुष्पगुच्छ घेऊन. साखऱ्याच्या गोड बोलण्याच्या गोष्टी निघाल्या. मुलगी सगळ्यांशी बोलत होती, आईशी कामापुरतं. ती गेल्यावर पार्लरवालीने खिडकीजवळची खुर्ची भंगारवाल्याला दिली आणि त्या जागी केस धुवायचं बेसिन बसवून घेतलं. पुढच्या खोलीत अडचण व्हायची, ती गेली. तिथे उजेडही छान होता.

एक मात्र तिला वाटलं नव्हतं तसं झालं. रात्रीची झोप पुन्हा उडाली. काय म्हणत होता तो शेवटी, ते ओठ, हे तिच्या डोक्यातून जाईना. शिवी असेल, माफी असेल, नुसतं पाणी मागत असेल. वाचता येणारं माणूस एकच होतं, आणि तिला विचारावं तर तिने ते पाहिलेलंच नव्हतं.

पोरांच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा मुलीचा फोन आला. दर सुट्टीत ती पोरांना घेऊन यायची. यंदा आम्ही येत नाही, ती म्हणाली. पुढच्या वेळेस बघू, असंही म्हणाली नाही.

"बरं," पार्लरवाली म्हणाली, आणि फोन ठेवून आत गेली. बेसिनवर एक बाई मान टाकून पडली होती. रंग धुवायची वेळ झाली होती, आणखी राहिला असता तर केस जळले असते.