पुजलेला खटका

पिंप्राळ्यातले जीवराम आबा घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावतात, चार पावलं जातात, परत येऊन कुलूप ओढून बघतात आणि कोपऱ्यावरून पुन्हा एकदा माघारी येतात. गल्लीला फुकटची करमणूक झाली आहे. त्यांची बायको बेबाबाई तर सरळ म्हणते, "त्यापेक्षा दारच सोबत घेऊन जा ना!" आबा हसत नाहीत. आधी ते असे नव्हते. उलट स्वतःच्या कामावर त्यांचा जरा फाजीलच भरवसा होता.

आबा एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरमध्ये जनरेटर सांभाळतात. बाहेरून बघाल तर बिनखिडक्यांचं गोदाम. आत रांगेनं लोखंडी कपाटं आणि त्यांत अष्टौप्रहर घुमणारी यंत्रं. वीज गेली की बॅटऱ्या भार उचलतात, तेवढ्यात जनरेटर आपोआप सुरू होतो. पूर्वी बॅटऱ्यांच्या जिवावर निवांत चहा पिऊन व्हायचा. एआय आलं आणि यंत्रांची भूक बकासुरासारखी वाढली. बॅटऱ्या मात्र त्याच राहिल्या. मॅनेजर अखिल वर कळवून कळवून थकला. वरून ठरलेलं उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू.

त्याच यंत्रांवर एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकांचा नंबर चालायचा. फोन माणूस नाही, एआय उचलायचं. दुखणं ऐकून घ्यायचं आणि जवळची गाडी धाडायचं. आबांना त्याचा कोण अभिमान! मुलगी ज्योती सावद्याला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते आणि जावई केळीच्या ट्रकवर, महिन्यातून निम्मे दिवस बाहेर. "मला नंतर सांग, आधी तो नंबर लाव," असं आबांनी तिला बजावून ठेवलं होतं.

आणि दसरा आला. सकाळी जनरेटरची पूजा. हळदकुंकू वाहताना हात इंजिनाच्या पट्ट्याजवळ जातो. नेमका तेव्हाच तो आपोआप सुरू झाला तर बोटं जायची. म्हणून आबांनी खटका 'ऑटो'वरून 'बंद'वर केला. शहाणपणाचंच होतं ते. खटक्यालाही कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल खोचलं, नारळ फोडला. मग अखिलने फोटोसाठी ओढलं, मग पेढे झाले. पुजलेल्या अवजाराला दिवस मावळेपर्यंत हात लावायचा नाही, हे आबांच्या हाडीमाशी मुरलेलं. दुसऱ्या कुणी शिवू नये म्हणून त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसरी किल्ली अखिलकडे होती, आणि अखिल सणाला धुळ्याला घरी गेला.

संध्याकाळी आबा गल्लीत सोनं वाटत होते. आपट्याचं पान शेजाऱ्याच्या हातावर ठेवणार, तोच वीज गेली. "गेली लाईट!" पोरं ओरडली. आबांचा हात तसाच राहिला. खटका आपण परत फिरवला का? त्यांना कुंकू आठवलं, फूल आठवलं, पेढ्याची चवही आठवली. फिरवणारा हात मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी डेटा सेंटरच्या वॉचमनला, तोतारामला फोन लावला.

"लाईट गई आबा," तोताराम म्हणाला, "पन इंजिन काही बोलत नई. बठ्ठं गुपचूप शे." म्हणजे जनरेटर उठलाच नव्हता.

आबांनी स्कूटर काढली. रस्ताभर सणाची गर्दी. नव्या कपड्यांतला जो तो हात धरून म्हणायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." आबांना एकेकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं. बॅटऱ्या संपल्या असतील का? संपल्याच असणार. एमआयडीसीच्या वळणावर फोन वाजला. ज्योती होती.

"आबा, कळा सुरू झाल्यात. रक्त जातंय. तो नंबर लागतच नाही हो. सरकारी गाडी लांब गेलीय म्हणे."

"शेजारी कुणी?"

"सगळे सोनं वाटायला गेलेत. सासूबाईंना उठवत नाही. आबा, मला खूप भीती वाटतेय."

"लावत राहा, बाई. सोडू नको. मी आलोच!"

तिला वाटलं, आबा सावद्याला निघाले. आबांना ते बोलून झाल्यावर कळलं, आणि खरं काय ते न सांगताच त्यांनी स्कूटर पुढे दामटली.

तोताराम दगडानं कुलूप तोडायच्या खटपटीत होता. त्याला बाजूला सारून आबांनी किल्ली लावली. आत टॉर्चच्या उजेडात सुकलेलं फूल दिसलं, कुंकवाची बोटं दिसली आणि त्याखाली खटका. 'बंद'वर.

आबांनी फूल भिरकावलं आणि खटका फिरवला. जनरेटर धडधडला. पण असली यंत्रं घरातल्या दिव्यासारखी लगेच उठत नाहीत. एकेक कपाट सावकाश जागं होत गेलं. जनरेटरच्या आवाजात फोन ऐकू येईना. निदान थरथर तरी कळावी म्हणून आबांनी तो छातीशी धरला, पण जनरेटरनं जमीनच इतकी हादरत होती की काही कळेना.

नंबर लागला. गाडी पोहोचली. ज्योतीला वाटेतच मुलगी झाली, दोघी वाचल्या. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. अहवालात लिहिलं गेलं, बॅटऱ्या अपुऱ्या पडल्या. ते खोटंही नव्हतं; 'बंद' राहिलेल्या खटक्याचं मात्र त्यात नावही नव्हतं. वरून नव्या बॅटऱ्या आल्या. सण सोडून धावून आले म्हणून आबांना शाल मिळाली. ती त्यांनी एकदाही पांघरली नाही.

ज्योती माहेरी आली की नातीला त्यांच्या मांडीवर ठेवते आणि दर खेपेला तेच म्हणते, "आबा, तुम्ही लावत राहा म्हणालात, म्हणून ही आहे."

सांगून टाकावं, असं आबांच्या ओठांवर येतं. मग ते नातीला तिच्या हातात परत देतात. कुलूप बघून येतो, म्हणून उठतात.

"अहो," बेबाबाई म्हणते, "आपण सगळे घरातच आहोत. कुलूप कुठलं?"