शोभेचं स्टिअरिंग
ग्रीसचा वास आला की ऐंशीच्या दशकातलं, घाटकोपरमधलं ताईचं लग्न आठवतं. नवरदेव बाबांच्या जुन्या लष्करी जीपमधूनच मिरवणार, नाहीतर वरात माघारी, असं व्याह्यांनी बजावलं होतं. नेमका त्याच सकाळी स्टिअरिंगचा दांडा तुटला. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून आणलेला दुसरा काही केल्या बसेना. "दादा, वाट लागली," काका रडवेला झाला. बाबा म्हणाले, "स्टिअरिंग नुसतं अडकव आणि फिरवत बस. तोंड हसरं ठेव रे." इंजिन बंद ठेवून आमच्याकडच्या पोरांनी जीप हळूहळू ढकलली. नवरदेव राजासारखा हात हलवत होता आणि प्रत्येक वळणावर बाबा वाकून पुढचं टायर हातांनी वळवत होते. व्याही खूश झाले; मुलीचा बाप पावलोपावली वाकत होता ना! अल्बममध्ये मी अजून बाबांचा चेहरा शोधतो. सापडते ती फक्त पाठ.