हनुवटीची साफसफाई

हसायचं ते आधी हसून घ्या, मग चहा प्या, नाहीतर ठसका लागेल. बीए झालेल्या बाईने इतका अडाणीपणा केलेला तुम्ही ऐकला नसेल.

आमची आई कशी, तर भांडी घासायला बाई येणार म्हणून आधी स्वतःच भांडी विसळून ठेवणारी. बाई काय म्हणेल? मी तिचीच मुलगी.

माझ्या हनुवटीवर केस. भाताच्या रोपांचा तरवा उगवावा तसे दाट. तिशी उलटलेली, आणि आलेलं प्रत्येक स्थळ हनुवटीकडे बघत चहा संपवून जायचं. तेवढ्यात मारुती मंदिराजवळच्या एका दवाखान्यात लेसरवाली डॉक्टरीण दर महिन्याला यायला लागली. मी नंबर लावला.

पण परक्या बाईसमोर असलं तोंड घेऊन जायचं? सकाळीच चिमटा घेऊन बसले आणि एकेक केस मुळापासून उपटला. डोळ्यांना धारा, पण हनुवटी गुळगुळीत.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. "केस कुठे आहेत?"

"सगळे काढून आले," मी ऐटीत म्हटलं.

"मग मी काय करू?"

लेसर म्हणजे प्रकाश, त्या सांगू लागल्या. केसाचा काळा रंग तो शोषून घेतो, तापतो आणि त्या उष्णतेने मूळ जळतं. "तुम्ही मूळच काढून टाकलंत. आता दीड महिना चिमटा बंद. फार वाटलं तर वस्तरा फिरवा, त्याने मूळ आत राहतं. आणि एकदा येऊन भागणार नाही. सगळे केस एकदम वाढत नाहीत, पुन्हा पुन्हा यावं लागेल."

घरी वस्तऱ्याचं नाव काढल्यावर आई उखडली. "दाढी करणार काय गो आता तू?"

मलाही ते पटलं, हे विशेष.

केस जरा वाढले तोच मालगुंडचं स्थळ आलं. आई म्हणाली, "एवढे पाहुणे जाऊ देत, मग वाढव." उपटले. त्यांनी पत्रिका जमत नाही असं कळवलं. पुन्हा वाढवले, तर चिपळूणचे आले. पुन्हा चिमटा. अशी वर्षं गेली. आजही संताप होतो. ती माणसं पोहे खाऊन निघून जायची आणि मी त्यांच्यासाठी हनुवटी सोलून घ्यायची!

शेवटी स्थळंच यायची थांबली. म्हटलं, सुटले. खुशाल वाढू दिले आणि तोंडावर पदर धरून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं.

"ताई, उशीर केलात हो. जवळजवळ सगळे पांढरे झालेत. त्यात काळा रंगच नाही, तर प्रकाश धरणार कशाला? आता उपटलेत तरी चालेल."

घरी आले, चिमटा शोधला आणि आरशासमोर बसले. पाहुणे कुणी यायचे नव्हते. भांडीवाली यायची होती.