तीन पट्ट्या खाली

ती पेटी पहिल्यांदा वाजली तेव्हा मी तिच्या एकाच पट्टीला बोट लावलं होतं. डाव्या हाताची एक पट्टी दाबली आणि आतून ड्रम, झांजा, गिटार असा अख्खा बँड सुरू झाला. मी घाबरून बोट उचललं, तरी तो थांबेना. आई शेगडीपासून धावत आली आणि म्हणाली, "काय तोडलंस वं?" मला बंद करायचं बटण सापडेना. शेवटी मी भिंतीतून वायर ओढली आणि खाली बसले. पंधरा वर्षं पेटी वाजवणारी मी, आणि एका खोक्यानं मला असं घाबरवावं, याचा मला राग आला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही माजरीला खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा खाणीत खाली उतरून काम करत आणि पाळी नसेल तेव्हा आमच्या गायन पार्टीत गात. जयंती असो, दीक्षेचा दिवस असो की कुणाकडचं नामकरण, घुग्घुसपासून पार पोंभुर्ण्यापर्यंत त्यांना बोलावणं असे. गाणी त्यांची स्वतःची, चाली त्यांच्या स्वतःच्या. मी त्यांची मुलगी, डी.एड. होऊन नेमणुकीची वाट बघत बसलेली आणि पार्टीची पेटीवाली. पोळा झाल्यावर पार्टीच्या मंडळानं नागपूरहून हा कीबोर्ड आणला. त्याला कीबोर्ड म्हणायला कुणाची जीभ वळेना, विजेवर चालते म्हणून सगळे 'लाइनवाली पेटी' म्हणत.

सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन ते वाचायला बसले. रोज नवा धक्का. शंभर आवाज, प्रत्येकाला नंबर. बासरीचा नंबर लावला की सर्दी झालेली शिटी निघे. व्हायोलिनचा लावला की कुणीतरी नाकातून रडे. एका नंबरावर चिमण्या होत्या, खऱ्या चिमण्या, त्या ऐकून आई खिडकीकडे बघायला गेली. हार्मोनियम मात्र शंभरात कुठेच नाही! ज्यांनी हे यंत्र केलं त्यांना आमच्या घरातली पेटी ठाऊकच नव्हती, हे मला फार लागलं. शेवटी दोन आवाज एकात एक मिसळून मी पेटीसारखं काहीतरी तयार केलं.

मग 'रजिस्ट्रेशन' आलं. रजिस्ट्रेशन म्हणजे मला फक्त रोजगार कार्यालयातलं कार्ड ठाऊक. इथे त्याचा अर्थ वेगळा निघाला. गाण्याला लागणारा आवाज, ताल, तालाचा वेग, असं सगळं एकदा जुळवायचं, मेमरीचं बटण दाबून धरायचं आणि एक ते चारपैकी एका बटणावर ते ठेवून द्यायचं. पुढे ते एकच बटण दाबलं की सगळं जसंच्या तसं हजर. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बटण दहा वेळा दाबून बघितलं, कारण माझा विश्वासच बसेना. पुस्तकात असंही होतं की लाइन गेली तरी ही आठवण राहावी म्हणून आत सहा मोठे सेल ठेवा. मी ठेवले आणि पंधरा दिवसांत काढून घेतले. आमच्या टॉर्चमध्ये सेल गळून हिरवा चिकटा झाला होता, नव्याकोऱ्या पेटीत मी तो होऊ देणार होते होय? मग वायर काढली की पेटी सगळं विसरे आणि दर वेळी मी ते नव्यानं ठेवत असे.

बाबांची पट्टी सफेद चार. पेटीवरची चौथी पांढरी पट्टी म्हणजे त्यांचा सा. पुरुषाला ती उंचच, पण त्यांचा तोच मान होता. गाण्याआधी ते माझ्या हाताकडे बघत. बोट सफेद चारवर आहे हे दिसलं की मान हलवत आणि सूर घेत. कानापेक्षा त्यांचा डोळ्यांवर भरवसा, आणि हा भरवसा साध्या पेटीवर कधी चुकायचाही नाही. माझं बोट जिथं, सूर तिथं.

आणि एक गोष्ट होती. खाणीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायची वेळ आली की बाबा रजा टाकून घरी बसत. आई त्यांच्याशी भांडत असे. शेजारच्या क्वार्टरमधला एकजण खोकून खोकून खाटेला लागला होता. बाबा म्हणत, "मले कायचा फोटो पायजे? ज्या दिवशी सफेद चार लागनार नाई ना, त्या दिवशी मी आपल्या पायानं फोटो काढाले जाईन. तोवर छाती ठनठनीत हाय." मी हे ऐकायची आणि हसायची. मला ती त्यांची मिजास वाटायची. त्यात त्यांनी स्वतःला काही वचन दिलंय हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

दसऱ्याच्या आधी सराव चालला होता. वरच्या सुरावर बाबांचा आवाज पोचला नाही. अगदी थोडक्यात राहिला, पण राहिला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा तेच. ते पाणी प्यायले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी त्यांची पाठ बघितली आणि मला रडू कोसळलं. त्या पाठीला मी कधी असं वाकलेलं बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी मला ते बटण कळलं. पुस्तकात त्याचं पान मी दोनदा वाचून सोडून दिलं होतं. एक अधिक, एक उणे, आणि लाल दिव्यांचा आकडा. उणे एकदा दाबलं आणि सफेद चार वाजवली. सूर सफेद तीनचा आला! मी हात झटकला. बोट चारवर, आवाज तीनचा. पुन्हा दाबलं, आणखी एक पट्टी खाली. साध्या पेटीत असं खोटं बोलायची सोयच नाही, आणि इथे तर त्यासाठी वेगळं बटण ठेवलेलं.

मी एक पट्टी खाली लावली, आवाज आणि तालासकट मेमरीत ठेवली आणि बाबांना हाक मारली. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. सफेद चार. मान हलवली, सूर घेतला आणि वर गेले, सहज. त्यांचा चेहरा असा उजळला की आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. "पाह्य," ते म्हणाले, "पान्यानं घसा बसला होता. चार लागली का नाई?" मी म्हटलं, "लागली, बाबा." एवढं मोठं खोटं मी किती सहज बोलले याचा मला अजून धक्का बसतो.

पण ढोलकी खोटं बोलत नाही. आमचे ढोलकीवाले काका बाबांसोबत एकाच पाळीला जात, तीस वर्षांची मैत्री. पेटीच्या सुराला ढोलकी जुळवायची तर त्यांना कड्या सरकवाव्या लागत. दोन सरावांनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, बोट तुयं चारवर हाय. मंग मले ढोलकी ढिली काऊन करा लागून राह्यली?"

मी बटण दाखवलं. काकांनी वाकून त्या लाल आकड्यावर बोट फिरवलं. मला वाटलं आता हे ओरडतील.

"मशीनले लाज नाई," ते म्हणाले. मग ढोलकी पुढ्यात ओढत, "राहू दे. खूश हाय थो."

झालं, आम्ही दोघं भागीदार झालो. संक्रांतीला एक पट्टी पुरेना म्हणून मी दोन केल्या. होळीनंतर तीन. तीन म्हणजे, मधली काळी पट्टी धरून, थेट सफेद दोन. दरवेळी मला वाटे, आता ते ओळखतील. दरवेळी ते माझ्या बोटाकडे बघत आणि खूश होत. पोंभुर्ण्याला लोकांनी एकच गाणं तीनदा म्हणायला लावलं तेव्हा घरी येताना ते एसटीत अख्ख्या रस्ताभर बोलत होते. दम लागल्यानं मधे मधे थांबत, पण बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. ते थांबणं मला ऐकू येत होतं, आणि तरी ते गाडीचे धक्के आहेत असं मी स्वतःला पटवलं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी घुग्घुसला कार्यक्रम होता. भर दुपारी, विहारासमोरच्या मांडवात. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याच्या आधी लाइन गेली. पाच मिनिटांत परत आली, पण आत सेल नव्हते, पेटी आपलं सगळं विसरून बसली होती. बटण तीन दाबलं तर नुसता पियानो. लोक टाळ्या वाजवून घाई करत होते. मी भराभर आवाज शोधला, दुसरा मिसळला, ताल लावला, वेग लावला. सगळं लागलं. बाबांनी माझ्या बोटाकडे बघितलं. सफेद चार. मी वाजवायला लागले.

काकांनी ढोलकीवर पहिली थाप मारली आणि झटकन माझ्याकडे वळून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पट्टी! मी पट्टी उतरवायला विसरले होते. पण बाबांनी सूर घेतला होता. पहिली ओळ त्यांनी ओढूनताणून म्हटली. दुसरीला वर गेले आणि आवाज फाटला. पुन्हा गेले आणि खोकला आला. तो खोकला थांबेचना. माईकवर तो सगळ्या मांडवाला ऐकू गेला. बाबा वाकले, एक हात त्यांनी माझ्या पेटीवर टेकवला, आणि त्या अवस्थेतही त्यांनी मान वळवून माझं बोट कुठं आहे ते बघितलं. बोट बरोबर जागी होतं. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला आजही सहन होत नाही. माझं चुकलं असेल ही त्यांची शेवटची आशा होती, आणि तीही गेली.

कुणीतरी दुसऱ्यानं कार्यक्रम सावरला. घरी आल्यावर मी काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवून तीनदा त्यांच्या खाटेपाशी गेले आणि तीनदा पाण्याचा तांब्या ठेवून परत आले. काकाही दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

आठवडा गेला. एका सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार झाले. आईनं विचारलं, "कुठी चालले?"

"फोटो काढाले," ते म्हणाले. "चार लागली नाई ना."

मी त्यांच्यासोबत गेले. फोटो निघाला, तो बघून दवाखान्यातल्यांनी आम्हाला चंद्रपूरला पाठवलं. तिथले डॉक्टर वयस्क होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि बाबांना सदरा काढून स्टुलावर बसायला सांगितलं. नळी पाठीवर फिरवली. मग विचारलं, "दम कधीपासून लागतो?"

"आठ दिवस झाले," बाबा म्हणाले.

"आठ दिवस?" डॉक्टरांनी फोटो परत उचलला. "बाबा, हे आठ दिवसांचं नाही. हे बऱ्याच महिन्यांचं आहे. आधी काहीतरी जाणवलं असेल."

"नाई साहेब. त्याच्या आधी मी सफेद चारवर गाऊन राह्यलो होतो. पोंभुर्ण्याले तीनदा म्हनाले लावलं लोकायनं. विचारा माया पोरीले, पेटी तीच वाजवते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. बाबाही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी साक्ष देणार याची खात्री होती, थोडा अभिमानही होता. मला माझी इतकी किळस आली की मी टेबलाची कड धरली. हे खरं जगात मला एकटीलाच आकड्यांनिशी पाठ होतं. त्यांची छाती कधी किती खाली गेली हे मीच तर त्या बटणावर दाबून दाबून लिहून ठेवलं होतं.

"दसऱ्याच्या आधीपासून," मी म्हटलं. "तेव्हा एक पट्टी उतरली. संक्रांतीला दुसरी. होळीनंतर तिसरी." डॉक्टरांना कळेना. मग मी त्या बटणाबद्दल सांगितलं. बाबांना कळेल असं, हळू, सगळं.

डॉक्टर लिहायला लागले. बाबा उघड्या अंगानं स्टुलावर बसून होते, सदरा मांडीवर. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तीन?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

त्यांनी सदऱ्यात एक हात घातला, आणि दुसरा घालायचं राहूनच गेलं.

"मले सांगतलं काऊन नाई, माय?" ते म्हणाले. "मी तं त्या आवाजाच्या भरोशावर रोज खाली उतरून राह्यलो होतो."