हत्तीच्या मागे चालणारी मोटार

जर्मन युद्ध सुरू होण्याच्या दोनतीन वर्षे आधी माझ्या काकांनी देवासला जाऊन एक जुनी मोटार विकत घेतली. मोटार घेणारा माणूस ती किती पळते हे विचारतो. काका ती किती हळू जाते हे विचारत होते.

त्याला कारण होते. धारला दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीवर सरकार आणि हत्तीच्या लगेच मागे आमच्या घराचे जरीचे निशाण, हा मान तीन पिढ्यांचा. घोड्यावर बसून, निशाण उभे धरून, गावाबाहेरच्या शमीपर्यंत जायचे, एवढेच काम. अटी दोन होत्या. वाटेत थांबायचे नाही आणि हत्तीच्या पुढे जायचे नाही. आदल्या वर्षी काकांचा वाताचा गुडघा अर्ध्या वाटेत अडला. दोघांनी त्यांना घोड्यावरून उतरवले आणि उरलेली वाट निशाण त्यांच्या चुलतभावाने नेले. ती वाट लांबीने किती होती यावर दोन्ही घरांत एकमत नव्हते. आमच्या घरी ती चार पावले होती. चुलतभावाच्या घरी ती जवळजवळ सगळी मिरवणूक होती.

दरबारच्या कारभाऱ्यांनी काकांना बोलावून सांगितले, की यंदा निशाण वाहनावरून शमीपर्यंत पोचले नाही तर मान चुलतभावाच्या घरी जाईल. काकांनी विचारले, मोटार चालेल का? दरबारात नुकतीच मोटार आली होती, त्यामुळे मोटारीविरुद्ध बोलणे कुणालाच शक्य नव्हते.

“चालेल,” कारभारी म्हणाले. “पण हत्तीच्या चालीने.”

काकूंनी विचारले, टांगा का नको. काका म्हणाले, “टांग्यात निशाण घेऊन बसलो तर लोक विचारतील, वरात कुणाची.”

मी तेव्हा एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. त्यामुळे मला मोटारीतले कळते, असा घरात समज होता. काका मला बरोबर घेऊन देवासला गेले.

विकणारे गृहस्थ निवृत्त ओव्हरसीर होते. छावणीतला एक गोरा अंमलदार बदलून गेला, त्याची मोटार त्यांनी घेतली होती. मोटार हिरवी, बुटकी, दोन माणसांची, दाटून बसल्यास तिघांची. तिला दारे नव्हती आणि बॉनेटवरून चामड्याचा पट्टा आवळलेला होता. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच ओव्हरसीर म्हणाले, “काकासाहेब, इंदूरला तार करा, चहाचं आधण ठेवा म्हणून, आणि निघा. आधण यायच्या आत पोचाल.”

काका काठी उचलून उठले. “मला पळणारी नको.”

“पळते असं कोण म्हणालं?” ओव्हरसीर म्हणाले. “मी रस्त्याबद्दल बोलत होतो. रस्ता चांगला आहे.”

काका परत बसले. मग त्यांनी मोटार पाहिली. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे मला चांगली आठवतात, कारण मी ती तेव्हाच लिहून ठेवली होती.

मडगार्ड का नाहीत? आमच्याकडे चिखल होत नाही.

हिरव्या रंगाखाली पांढरे वर्तुळ आणि त्यात मोठा आकडा दिसतो, तो कशाचा? एका लग्नात पाहुण्यांच्या मोटारी ओळखू याव्यात म्हणून नंबर घातले होते.

उजवीकडचे दोन्ही टायर झिजलेले आणि डावीकडचे जवळजवळ नवे, असे का?

या प्रश्नाला ओव्हरसीरांनी फाटकाकडे बोट दाखवले. मग ते म्हणाले, “काकासाहेब, आम्ही थोरल्या पातीतले. फाटकातून निघायचं ते डाव्या हाताला वळायचं, आणि डाव्या हातालाच वळत वळत घरी यायचं. उजवीकडे वळलं की रस्त्यापलीकडे धाकटी पाती लागते. आम्ही कशाला जातो तिकडे?”

देवास हे एक गाव आणि दोन संस्थाने, हे माळव्यात सगळ्यांना ठाऊक होते. थोरल्या पातीचा कामदार धाकट्या पातीच्या रस्त्यावर पाऊल ठेवण्याऐवजी वळसा घालील, हेही ठाऊक होते. काकांनी मान डोलावली. इतर कुठल्याही गावात हे उत्तर चालले नसते.

मोटारीबरोबर छावणीतून तिचा ड्रायव्हरही आला होता. माळवी बोलणारा, बारीक, मितभाषी माणूस. ओव्हरसीर पान आणायला आत गेले तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “भिया, या गाडी धीरे नी चाले.”

ओव्हरसीरांनी ते आतून ऐकले. “त्याला मोटारीतलं काय कळतं?” ते म्हणाले.

“तो ड्रायव्हर आहे ना?” काकांनी विचारले.

“म्हणून तर. त्याला आपली पळवायची हौस. मी दाखवतो तुम्हाला.”

त्यांनी स्वतः चाक हाती घेतले आणि मोटार टेकडीच्या पायथ्याच्या उतारावर आणून उभी केली. तिथून ती खाली आली ती खरोखरच पाहण्यासारखी. आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही. काका काठी टेकत तिच्या शेजारून चालत होते. मधे एकदा ते तिच्या पुढे गेले आणि तिची वाट पाहत थांबले. व्यवहार त्याच जागी ठरला. उतरताना इंजिन बंद होते, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आले नाही. ड्रायव्हरच्या आले होते. पण त्याला कुणी विचारले नाही, आणि तोही मोटारीबरोबर धारला यायचा होता.

देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार, हा प्रवास काकांनी एका हाताने पगडी आणि दुसऱ्या हाताने मला धरून केला. ते “हळू” म्हणत. ड्रायव्हर म्हणे, “हुकम, धीरे करूं तो उबले.” एकदा त्याने हुकूम मानला आणि नाल्यापाशी बॉनेटमधून वाफ निघाली. पाणी ओतून झाल्यावर काकांनी पुन्हा “हळू” म्हटले नाही. धारला आम्ही इतक्या लवकर पोचलो, की काकूंनी विचारले, तुम्ही गेलाच नाहीत का?

दसऱ्याला आठ दिवस होते. काकांनी तालीम सुरू केली. हत्ती मागवता येत नव्हता, म्हणून गवळ्याची म्हैस पुढे आणि मोटार मागे, अशी आमच्या आळीत रोज सकाळी मिरवणूक निघू लागली. वीस पावलांवर इंजिन खोकत असे. तिसाव्या पावलाला पाणी उकळे. त्यानंतर मागच्या नळीतून तोफेसारखा बार होई आणि इंजिन बंद पडे. तिसऱ्या दिवशी गवळ्याने म्हैस देण्याचे नाकारले. ती दूध चोरू लागली होती.

चौथ्या दिवशी चुलतभाऊ पाहायला आले. ते बराच वेळ मोटारीभोवती फिरले.

“दादा,” ते म्हणाले, “यंदा असं करू. निशाण आम्ही धरतो, तुम्ही मोटार धरा.”

“चहा घेऊन जा,” काका म्हणाले.

“घेतो की. घाई कुणाला आहे? तुमच्या मोटारीला असेल.”

ते गेल्यावर काकांनी ड्रायव्हरला समोर उभे केले. “खरं सांग. ही शर्यतीत पळालीय का?”

ड्रायव्हरने जमिनीकडे पाहिले. “हुकम, छावनी के मैदान में घूमती थी. घोडदौड वाला मैदान.”

“कशासाठी?”

“पेलां आवा सारू.”

“पहिलं येण्यासाठी,” काका मला म्हणाले. “आणि मी घेतली ती मागं राहण्यासाठी.”

बातमीदाराच्या दृष्टीने हा एकच साक्षीदार होता आणि त्याला दुजोरा मिळाला नाही. काकांनी ओव्हरसीरांना पत्र लिहिले. उत्तरात त्यांनी दसऱ्याच्या शुभेच्छा कळवल्या.

शेवटी असे ठरले, की इंजिन सुरू करायचेच नाही. तालमीतले आठ पहिलवान मोटार मागून ढकलतील. ढकलू नये असा नियम नव्हता, हे काकांनी कारभाऱ्यांच्या कारकुनाकडून खात्री करून घेतले होते.

दसऱ्याच्या दुपारी गावातली वाट उत्तम पार पडली. हत्ती पुढे, मोटार मागे, काका निशाण धरून ताठ बसलेले, ड्रायव्हर चाकावर. मी पहिलवानांबरोबर चालत होतो. चुलतभाऊ घोड्यावर बसून मोटारीच्या अगदी उजव्या बाजूला होते. ते निशाणाच्या काठीकडे असे पाहत होते, की ती पडली तर जमिनीला लागू नये.

वेशीबाहेर मैदान लागले आणि अडचण सुरू झाली. काळी माती पावसाची ओल धरून होती. पहिलवानांचे पाय रुतू लागले. हत्ती आणि मोटार यांच्यातले अंतर वाढत गेले. एक पहिलवान खाली बसला. त्याला पाहून दुसरा बसला. चुलतभावाने हात पुढे केला.

“द्या दादा. थांबलात.”

“अजून नाही,” काका म्हणाले. चाके खरोखरच अजून फिरत होती, पण फार वेळ फिरली नसती. “सुरू कर,” ते ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हर उडी मारून पुढे गेला, मोटारीबरोबर मागे मागे सरकत त्याने हँडल मारले आणि परत चाकावर येऊन बसला. मोटार गरजली. दोन श्वासांत ती हत्तीच्या शेपटीपाशी होती.

“पुढं जायचं नाही,” काका म्हणाले.

“हुकम, धीरे तो नी होवे.”

“पुढं जायचं नाही. थांबायचं नाही.”

ड्रायव्हरने क्षणभर विचार केला. “तो फेर घूमां?”

काकांचे उत्तर मला ऐकू आले नाही. मोटार वळली, मैदानात मोठा फेरा घेऊन हत्तीच्या मागे आली, आणि तिथे न थांबता दुसऱ्या फेऱ्याला निघाली. जरीचे निशाण वाऱ्याने ताठ झाले होते. तीन पिढ्यांत ते असे कुणी पाहिले नव्हते. लोकांना वाटले, हा दरबारने ठेवलेला नवा कार्यक्रम. ते टाळ्या वाजवू लागले. हत्ती आपल्या चालीने जात होता आणि दर फेऱ्याला मोटार त्याच्या मागे येऊन हजेरी लावून जात होती.

चौथ्या फेऱ्याला बार झाला. हत्तीला तोफांची सवय होती, त्याने फक्त कान हलवले. चुलतभावाच्या घोड्याला ती सवय नव्हती. तो उधळला, हत्तीच्या डाव्या अंगाने पुढे गेला आणि शमीपाशी जाऊन उभा राहिला. सरकार पोचेपर्यंत चुलतभाऊ तिथे एकटेच होते. पुजाऱ्याने त्यांना विचारले, सरकार कुठे आहेत? त्यांनी मागे बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी दोघांनाही बोलावले. मी काकांना आधार द्यायला बरोबर होतो.

“वाटेत थांबलात?”

“नाही,” काका म्हणाले.

“हत्तीच्या पुढे गेलात?”

“नाही.”

“मग काय केलंत?”

“मागं राहिलो.”

“किती वेळा?”

“सात.”

कारभाऱ्यांनी चुलतभावाकडे पाहिले. “तुम्ही पुढे गेलात.”

“घोडा गेला.”

“तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

“घोड्यावर,” चुलतभाऊ म्हणाले.

निकाल लेखी आला. मान आमच्याच घरी कायम राहिला. पुढल्या वर्षापासून काकांनी चार भोयांच्या खुर्चीत बसून निशाण न्यावे, आणि सदर मोटार हत्तीला ऐकू जाईल इतक्या अंतरात आणू नये. काकांनी तो कागद काकूंना दोनदा वाचून दाखवला. चुलतभावाच्या घरी फराळाला बोलावणे धाडले. ते आले आणि पोटभर जेवून गेले. मोटारीचा विषय त्यांनी काढला नाही.

दिवाळीनंतर राजगढचा एक व्यापारी मोटार पाहायला आला. सज्जन, सावध माणूस. त्याने पट्टा पाहिला, टायर पाहिले, रंगाखालचे वर्तुळही पाहिले. मग त्याने काकांना सरळच विचारले, “बाबूजी, सच बताना, ये कभी दौडी तो नहीं?”

काका म्हणाले, “आमच्या घरी आल्यापासून ही आळीच्या बाहेर एकदाच पडली. दसऱ्याला, हत्तीच्या मागे.”

विधान अक्षरशः खरे होते. मी छताकडे पाहत होतो.

व्यापाऱ्याला फार समाधान वाटले. तो म्हणाला, अशीच पाहिजे होती. घरी म्हातारी आई आहे, तिला दर पौर्णिमेला मंदिरात न्यायचे असते आणि बैलगाडीत तिची हाडे दुखतात. त्याने तिथेच होकार दिला. ड्रायव्हर मोटारीबरोबर जायला तयारच होता. त्याने हँडल मारले आणि व्यापारी शेजारी बसला.

मोटार फाटकातून निघाली तेव्हा काका काठी टेकत ओट्याच्या कडेपर्यंत आले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी चलबिचल दिसली.

“शेठजी,” त्यांनी हाक मारली, “मातोश्रींना तेवढं घट्ट धरून बसायला सांगा.”