शनिवारचं अर्धं पान

चौधरी सर गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याच्या कार्यालयात दुपारच्या बैठकीत होतो. त्यांच्या मुलीचा, सुवर्णाताईंचा मेसेज होता: ‘भाऊ, बाबा सकाळी गेले.’ चार शब्द. त्या घरात निरोपसुद्धा लांबत नाही...

सर जळगावच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचे. मी शिंदखेड्याहून आलेला, बीएच्या तिसऱ्या वर्षाला. दर शनिवारी पहिली दहा मिनिटं टेस्ट असे. फळ्यावर एक प्रश्न, उत्तराला अर्धं पान. पानं सर स्वतः पट्टीने फाडून वाटत. तपासलेली पानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा होत, वर्गात फक्त गुण वाचले जात आणि अंतर्गत गुण त्यांवरूनच ठरत. मागच्या बाकांवरून कोणी कुरकुरलं, की म्हणत, “पाल्हाळ लावायला राजकारण पडलंय.” पहिल्या शनिवारी मी कोरं पान दिलं.

“काय रे, येत नाही?”

“समजस बठ्ठं, सर. लिखता येत नही.”

“सगळं समजतं ना? मग असंच अहिराणीत लिही. मला वाचता येतं.”

महागाईवर मी अहिराणीत नऊ ओळी लिहिल्या. पाचपैकी चार मिळाले. नंतर एकही शनिवार चुकवला नाही.

घोटाळा शेवटच्या परीक्षेत झाला. पंधरा गुणांचे चार प्रश्न होते आणि चारही येत होते. मी सवयीने प्रत्येकाला अर्धं पान लिहिलं आणि तासाभरात बाहेर आलो. मागून आलेल्या मित्राने विचारलं, “पुरवण्या किती घेतल्या?” मी एकही घेतली नव्हती. पत्रकारितेचा प्रवेश पदवीवर अडला होता. हा विषय राहिला तर वर्ष जाणार होतं.

तडक सरांच्या घरी गेलो. “सर, तुमच्या अर्ध्या पानाने मला बुडवलं.” पुढेही बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी ऐकून घेतलं, डबा काढला, माझी पानं वेगळी केली.

“अंतर्गतचे चाळीसपैकी एकतीस आहेत, विद्यापीठाला कळवलेत. दोन्ही मिळून चाळीस झाले की पास. लेखीत साठपैकी नऊ पडतील ना?”

“पडतील.”

“मग चहा घे.”

निघताना ते दारापर्यंत आले. “चूक माझीही आहे. थोडक्यात लिहायला शिकवलं, लांब कधी लिहायचं ते सांगायचं राहिलं.” पुढच्या वर्षापासून शेवटचे दोन शनिवार ते चार पानी उत्तर लिहून घेऊ लागले.

लेखीत दहा मिळाले. एकूण एकेचाळीस. प्रवेश झाला. पुढे कित्येक वर्षं माझी बातमी वृत्तसंपादकांना कापावी लागली नाही.

सर जाऊन महिना झाला, त्या शुक्रवारी पुन्हा जळगावला गेलो. डबा त्यांच्या टेबलावरच होता. सुवर्णाताई आता यावलला अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी झाकण काढून एक पिवळं पान माझ्या हातात दिलं. “बाकीची दरवर्षी रद्दीत जायची. हे मात्र बाबांनी ठेवलं होतं.” माझ्याच नऊ ओळी होत्या. खाली लाल शाईत सरांनी अहिराणीतच दिलेला एक शब्दाचा शेरा, मी कधीच न पाहिलेला: ‘समजनं.’ म्हणजे, समजलं.

डब्यात पट्टीने फाडलेल्या कोऱ्या अर्ध्या पानांचा ताजा गठ्ठा होता. मी डबा जरा जास्तच वेळ हातात धरला असावा.

“पान न्या, भाऊ,” ताई म्हणाल्या. “डबा राहू द्या. उद्या शनिवार आहे.”