ट्रॉम्बोनवाल्याचा दहीभात

हा किस्सा सांगावा की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बायको म्हणते, कशाला उगाळता, लोक विसरले असतील. शहाद्यातले लोक विसरलेले नाहीत, हे मला रोज भाजी घेताना कळतं. मग त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा. चहा घ्या तुम्ही, गार होतोय.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. जे झालं ते इंग्रजी येत नव्हतं म्हणून झालं नाही. येत होतं म्हणून झालं.

आमच्या दशरथकाकांची तापीकाठी केळी आणि ऊस. त्यांचा मुलगा हितेश माझा विद्यार्थी. तो व्हायोलिन घेऊन परदेशात गेला आणि तिकडच्या एका सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. गेल्या हिवाळ्यात तो अख्खा ऑर्केस्ट्रा भारतात आला. सुरतेचा कार्यक्रम झाला की एक संध्याकाळ आमच्या गावासाठी, असा हितेशने हट्ट धरला. पन्नासेक माणसं आणि टेम्पोभर वाद्यं आमच्या कॉलेजच्या हॉलवर येऊन उतरली.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे नवरात्रात सिनेमाची गाणी म्हणणारी पार्टी. त्यामुळे आठवडाभर मी लोकांना समजावत होतो, की यात कोणी गात नाही, फर्माईश चालत नाही. हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आहे आणि त्यात जॅझ मिसळलेला आहे. जॅझ म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, ऐकल्यावर कळेल. मलाही ऐकल्यावरच कळणार होतं, पण ते बोलायची गरज नव्हती.

पाहुण्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. दुपारी दशरथकाकांच्या शेतावर जेवण झालं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पाहुण्यांनी ठेचा चटणीसारखा नाही, भाजीसारखा खाल्ला. मी काकांकडे बघितलं. काका अभिमानाने वाढतच होते.

हॉलवर परत आलो तर एक धिप्पाड गोरा गृहस्थ माझ्याजवळ आला. नाव मार्टिन. हा ट्रॉम्बोन वाजवायचा. ट्रॉम्बोन म्हणजे ते लांबलचक पितळी वाद्य, ज्याची नळी पुढेमागे सरकवतात. त्याने हळूच विचारलं, "सर, इथे प्लंजर मिळेल का?"

प्लंजर म्हणजे काय, हे इंग्रजीच्या प्राध्यापकाला सांगावं लागत नाही. संडास तुंबला की दांड्याला लावलेल्या रबराच्या वाटीने दाबतात, तो. मला ठेचा आठवला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका," मी इंग्रजीत म्हणालो, "कोणाला काही कळणार नाही."

तो जरा गोंधळला. "कळलं तर काय झालं? आज सगळ्यांना ऐकू येईलच."

परदेशी माणसं मोकळी असतात हे ऐकून होतो. इतकी असतील असं वाटलं नव्हतं.

"आमची माणसं आहेत," मी म्हणालो, "ती करतील."

"नाही, नाही. हे मलाच करावं लागतं. कॉलेजात असल्यापासून करतोय. आणि दांडा नसला तरी चालेल, मी हातानेच धरतो."

आता यावर कोणताही सभ्य माणूस पुढे काय विचारील? मीही विचारलं नाही. त्याला पंख्याखाली बसवलं आणि हॉलचे शिपाई हिरामणभाऊ यांना तातडीने सगळे संडास बघायला पाठवलं.

ते परत आले. "सर, समदं चकाचक शे. पानी भडभड जाई ऱ्हायनं."

"नीट बघितलं?"

"आते यानापेक्षा जास्ती कसं दखू, सर?"

म्हणजे तुंबलेलं काही नव्हतं. याचा अर्थ मी काय काढावा? मी असा काढला की बिचाऱ्याला स्वतःचा अंदाज आहे आणि तो पुढची तयारी करतोय.

मग मी त्याच्या पोटाची जबाबदारी घेतली. चार वाजता सगळ्यांना कांदाभजी आली, मार्टिनपुढे मी दहीभात ठेवला. त्याने भज्यांकडे हात नेला, मी ताटली सरकवली. त्याने शेजारणीच्या ताटलीकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने निमूटपणे दहीभात खाल्ला. त्याला वाटलं असावं, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांना इथे हेच देतात.

तेवढ्यात दशरथकाका आले. एकाला वेगळं जेवण बघून त्यांचा चेहराच उतरला. "सर, आमनं जेवन बाधनं का त्यासले?"

"तसं नाही, काका."

"मंग दहीभात कसाले?"

मी चहाची व्यवस्था बघायला वळलो. काका घरी गेले आणि ओव्याची पुडी घेऊन आले. मार्टिनसमोर उभं राहून त्यांनी त्याला ओवा चावायला लावला. गावातल्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला आपल्याच घरच्या जेवणाने गालबोट लागणार, या विचाराने ते इतके खचले होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी हॉल भरला. पडदा उघडायच्या आधी मी स्टेजवर शेवटची नजर फिरवायला गेलो. खुर्च्या, नोटेशनचे स्टँड, सगळं नीटनेटकं. आणि मागच्या रांगेत एका खुर्चीखाली रबराची लाल वाटी. दांडा काढलेली.

समोर पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे बसणार, आणि स्टेजवर संडासातली वस्तू. हे हिरामणभाऊंचं काम, असं मी ठरवूनच टाकलं. सत्काराच्या शालीखाली ती वाटी लपवून मी मागे नेली, फिनेलच्या बादलीत टाकली, सफाईच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून पहिल्या रांगेत येऊन बसलो. वेळेवर लक्ष गेलं म्हणून मला बरं वाटत होतं.

वादन सुरू झालं. सगळी व्हायोलिनं एकदम उठली आणि मागून ड्रमने असा काही ठेका धरला की प्रमुख पाहुण्यांचा पाय हलायला लागला. पण माझं लक्ष मार्टिनकडे. तो खुर्चीखाली वाकला. उठला. पुन्हा वाकला. शेजाऱ्याच्या खुर्चीखाली बघितलं. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. सुरू झालं, मी मनात म्हटलं.

त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने तळहाताची वाटी करून काहीतरी खूण केली. मी त्याला हाताने रस्ता दाखवला, डावीकडून, सरळ. त्याने मान हलवून पुन्हा तीच खूण केली. मीही पुन्हा रस्ता दाखवला. शेवटी मी उठून विंगेत गेलो आणि त्याला घेऊन जायला तयार उभा राहिलो.

पहिला भाग संपला. दुसरा सुरू व्हायच्या आत हितेश विंगेत आला.

"सर, खुर्चीखालचं रबर कोणी उचललं?"

"मी. काळजी करू नकोस, कोणी बघितलं नाही."

हितेशने डोळे मिटले. "सर, ते मार्टिनचं होतं. ट्रॉम्बोनच्या तोंडावर धरून उघडझाक केली की वाद्य माणसासारखं बोलतं. त्याचं नेहमीचं प्रवासात हरवलं, म्हणून मी दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. पुढच्या भागात त्याचं एकट्याचं वादन आहे."

मी आयुष्यात इतक्या वेगाने कुलूप उघडलेलं नाही. वाटी नळाखाली धरली, शालीने पुसली आणि आलो, तर दुसरा भाग सुरू झालेला. मार्टिन उठून उभा होता. विंगेतून त्याच्यापर्यंत पोचायला स्टेज पार करण्याशिवाय रस्ता नव्हता.

मी कोट घातलेला होता. हातात संडासाचं रबर होतं. सबंध शहादा बघत होता. मी चालत गेलो, ते त्याला दिलं आणि चालत परत आलो. त्या संध्याकाळी टाळ्यांचा पहिला कडकडाट झाला तो तेव्हा.

मग मार्टिनने वाजवायला सुरुवात केली. काय सांगू, ते वाद्य कुरकुरत होतं, हसत होतं, आर्जव करत होतं. एखादा म्हातारा ओट्यावर बसून जुनी गोष्ट सांगतोय असं वाटावं. वाटीला फिनेलचा वास राहिलाच होता, त्यामुळे मार्टिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, किती जीव ओतून वाजवतोय. दशरथकाकांनी तर उपरण्याने डोळे टिपले.

शेवटी सत्कार. मार्टिनने माइक मागून घेतला. तो जे बोलेल त्याचं मराठी मी करायचं, असं ठरलेलं होतं. तो बराच वेळ, अगदी प्रेमाने, दुपारपासूनचं सगळं सांगत राहिला. बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं.

मी एवढंच सांगितलं, "मार्टिन म्हणतात, शहाद्याचं आदरातिथ्य ते कधी विसरणार नाहीत."

"सर," विंगेतून हिरामणभाऊंचा आवाज आला, "त्यानी बोलनामा 'दही' उनं. ते तुम्ही सोडी दिनं."

दशरथकाका उठून उभे राहिले. त्यांना काहीही करून कळायला हवं होतं, की जेवण बाधलं होतं की नव्हतं.

काकांसाठी मी माइक हातात घेतला आणि पहिल्या वाक्यापासून, म्हणजे प्लंजरपासून दहीभातापर्यंत, शब्दशः भाषांतर केलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवतोय, पण माझा धडा शेवटच्या बाकापर्यंत कळला, तो एवढाच.